कातळोलीच्या सड्यावरचा आठवा पाट

कातळोली गावातून पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या माळावर गेलं, की वेताळाचा उभा धोंडा दिसतो आणि त्याच्यासमोर दगडी पाटांची एक ओळ. जांभ्याचे सात पाट, खडबडीत, एकमेकांना खेटून मांडलेले, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. आठवा पाट मात्र ओळीत नाही. तो चार पावलं बाजूला, काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या झाडाखाली आहे. आकाराने लहान, नदीतल्या दगडासारखा काळा, गुळगुळीत, आणि त्याचा उतार उत्तरेला, खाली गावाच्या दिशेने. त्याच्या बुडाशी गंजाचा एक तांबूस ओघळ आहे. पाऊस कितीही पडो, तो धुतला जात नाही.

पाहायला येणाऱ्या मंडळींना हे सगळं बाबल गुरव दाखवतात. वय अठ्ठ्याहत्तर, पाय अजून काटक, जीभ त्याहून. चपला काढायला लावतात, घाई करणाऱ्याकडे नुसतं बघतात, आणि दमलेला कुणी त्या लहान दगडावर टेकायला गेला, की हातातली काठी आडवी धरतात. "त्या धोंड्यार बसू नकात. जागा भरलेली आसा," असं म्हणतात. माणूस दचकून दगडाकडे बघतो. दगडावर काहीच नसतं. मग बाबल काजऱ्याच्या मुळीवर बसकण मारतात आणि सांगायला लागतात. ते सांगतात ती गोष्ट अशी.

फार मागे, गावात अजून कौलं आली नव्हती तेव्हा, गुरवाच्या घरात आवडाई नावाची बाई होती. नवरा राघो देवळात ढोल वाजवायचा आणि आवडाई गावाच्या पत्रावळी लावायची. देवाच्या नैवेद्यापासून गावजेवणापर्यंत प्रत्येक पान तिच्या हातचं. वडाची नाहीतर फणसाची पानं, त्यांना नारळाच्या हिराच्या बारीक काड्या टोचायच्या, लावलेल्या पत्रावळींचा गठ्ठा करायचा आणि त्यावर नदीतला एक जड, काळा दगड ठेवायचा, म्हणजे पानं सपाट राहतात. हा दगड तिच्या सासूच्या सासूपासून घरात होता असे सांगतात.

आवडाई चौकस होती. गावात कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून चंद्राला खळं का पडतं इथपर्यंत तिला सगळं विचारायचं असे. त्यात भर पडली ती वेताळाच्या पानांची. भाद्रपदातल्या अमावास्येला, भर दुपारी बारा वाजता, सड्यावर वेताळाच्या मंडळींना पानं मांडतात. त्या वेळी गावात दारं लावून घेतात. वर फक्त दोघं जातात. एक भिवा घाडी, म्हणजे भुताखेतांचं बघणारा मांत्रिक, आणि दुसरा पानांचा भारा घेऊन गुरव. सड्यावर सात जण जेवायचे आणि सातांना सात तऱ्हेची पानं लागायची. आवडाईने ही पानं लावता लावता भिवा घाड्याला इतकं छळलं, की शेवटी तिला मेलेल्यांबद्दल त्याच्याइतकंच कळायला लागलं म्हणे.

मुंजा, म्हणजे मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो. त्याला एकच सुटं पळसपान, कारण त्याचं आयुष्य दुसऱ्या कुणाशी जोडलंच गेलं नाही. हडळ बाळंतपणात गेलेली. तिची पावलं उलटी, म्हणून तिची पत्रावळही उलटी, खालची बाजू वर. गिऱ्हा पाण्यात बुडालेला. त्याला अळवाचं पान, ज्याच्यावर पाणी ठरत नाही, कारण बिचाऱ्याला पाण्याचा वीट आलेला. समंधाचा जीव आपल्या जमीनजुमल्यात अडकलेला. त्याची पत्रावळ सगळ्यांत मोठी आणि दुहेरी लावायची, नाहीतर एक शीत खाली पडलं तरी तो भांडत बसतो. जखीण नवऱ्याच्या आधी गेलेली सवाशीण, तिच्या पानाच्या कडेला हळदकुंकू. देवचार गावाची शीव राखतो, त्याला केळीचं पान, टोक शिवेकडे करून.

चकव्याची गंमत वेगळी. चकवा म्हणजे रानातल्या वाटसरूला गोल गोल फिरवणारा. आवडाईने त्याच्यासाठी अशी पत्रावळ शोधून काढली होती, की तिची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते लावणाऱ्यालाही सापडू नये. "जेवूक खयसून लागायचा ह्या कळाचा नाय, मगे बसतलो गप," असं ती भिवाला म्हणायची. भिवा हसायचा. भुतांवर हसणारा घाडी तुम्ही दुसरा बघितला नसेल.

आवडाईला एकच मुलगी होती, केवडू. वय आठ. आईच्या शेजारी बसून ती काड्या पुरवायची, पुढे पुढे स्वतःही पत्रावळ लावायला लागली. पण तिचे हात लहान. काडी वरून टोचून खाली काढायची, तर ही खालून वर काढायची. आई ओरडायची, जेवणाऱ्याच्या बोटाला टोचेल म्हणून. पोर हसायची आणि पुढची काडी पुन्हा खालूनच घालायची.

आता गुरवाच्या घरातली रीत अशी, की पानं लावणाऱ्यांनी शेवटी जेवायचं. गावजेवणाला माणूस वाढला, की पान कमी पडायचं, आणि कमी पडलेलं पान नेहमी गुरवाचंच असायचं. मग आवडाई भाताचा गोळा केवडूच्या तळहातावर ठेवायची. पंगतीत मांडी घालून, पुढ्यात पत्रावळ घेऊन ती पोर एकदाही जेवली नाही. "आये, माका पान कदी?" ती विचारायची. "फुडच्या जेवणाक," आवडाई म्हणायची. हे असं किती वेळा झालं ते आवडाईने मोजलं नव्हतं. पुढे जन्मभर ती ते आठवून मोजत राहिली.

पौषात केवडूला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. आवडाई रडली नाही असे सांगतात. ती पानं लावत राहिली, कारण माघात देवाचं गावजेवण होतं आणि हात थांबले असते तर ती बाई उभी राहिली नसती.

त्या गावजेवणात एक पान कमी पडलं. आवडाईने दोनदा मोजून दिली होती, तरी पडलं. शिमग्याला पुन्हा तेच. चैत्रात देवळाच्या वाढदिवसाला तिने राघोला, शेजारणीला, सगळ्यांना मोजायला लावलं. वाढायच्या वेळी बरोबर एक कमी. आणि या वेळी कमी पडलेलं पान गुरवाचं नव्हतं. उपाशी उठली ती गावच्या मुख्य मानकऱ्याची म्हातारी आई. देवाच्या पंगतीतून म्हातारं माणूस उपाशी उठलं, ही काही साधी गोष्ट नव्हती. म्हातारीने आठ दिवस अंथरूण धरलं आणि गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं गुरवीण चोरते. चोरून करणार काय, वाळलेली पानं? मग कुणी म्हणालं, हे माणसाचं काम नाही. गाव बसला आणि ठरलं, की भिवा घाड्याने बघावं आणि जे काही असेल ते भाद्रपदाच्या अमावास्येला सड्यावरच्या काजऱ्यात खिळा ठोकून बांधावं. काजऱ्यात बांधलेलं पुन्हा सुटत नाही. त्याला पुढची गत नाही, मागे फिरणं नाही, झाड आहे तोवर ते तिथेच.

श्रावणात आवडाई पानं खुडायला सड्यावर गेली. काजऱ्याच्या मुळांमध्ये तिला तीन पत्रावळी दिसल्या. एवढ्या पावसातही न कुजलेल्या, वाळलेल्या आणि कोऱ्या. एकीवरही शीत लागलेलं नव्हतं. तिने उचलून बघितल्या. लावलेल्या तिच्याच हातच्या, पण प्रत्येकीत एक काडी जास्त होती. ती काडी खालून वर काढलेली होती.

आवडाई तिथेच बसली आणि सात महिन्यांचं रडणं तिने एकदम रडून घेतलं. पोर पानं घेऊन गेली होती, पण वाढणार कोण? तीनदा पान मांडून ती बसली असेल आणि तीनदा उपाशी उठली असेल.

ती उठून थेट भिवाच्या अंगणात गेली. भिवाने ऐकून घेतलं. माणूस दुष्ट नव्हता, केवडू त्याच्याही अंगणात खेळलेली. पण त्याचीही विद्या ठरलेली होती. सड्यावर कुणाला पान द्यायचं, तर आधी वेताळापुढे गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि गाऱ्हाण्यात ज्याचा जो प्रकार, त्या प्रकाराने साद घालावी लागते. मुंज्याला मुंजा म्हणून, हडळीला हडळ म्हणून. दोघं बसून केवडूचा प्रकार शोधायला लागले. मुंज नाही, लग्न नाही. बुडाली नाही, बाळंत झाली नाही. मालमत्ता म्हणाल तर हिराच्या चार काड्या. वाट कुणाची चुकवली नाही, शीव कुठली राखली नाही. सातांपैकी एकातही ती पोर बसेना.

"प्रकार कळना नाय," भिवा शेवटी म्हणाला. "आणि प्रकार नाय तर साद नाय. पण खिळो सगळ्यांका चलता गो." हे म्हणताना त्याने मान वर केली नाही.

अमावास्येला सड्यावर जायला राघो तयार झाला, तेव्हा आवडाईने भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला. बाईने वर जायची रीत नव्हती. राघोने अडवलं नाही. सात पानं, त्यांच्या खाली तिने लावलेली एक लहान पत्रावळ, आणि सड्यावरच्या वाऱ्याने काही उडू नये म्हणून वर तो काळा दगड. पुढे भिवा, त्याच्या हातात जेवणाची टोपली, कमरेला हातोडा आणि वीतभर लांब खिळा.

बाराच्या सुमाराला सडा कसा असतो ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सावली पायाखाली जाते, पाखरू ओरडत नाही. भिवाने गाऱ्हाणं घातलं, एकेकाला साद घातली, आवडाईने एकेकापुढे पान मांडून वाढलं. तिच्या डोळ्यांना आधी काहीच दिसलं नाही म्हणे, पण एकेका पाटापुढची हवा जड झाली, घरात माणूस असलं की दार न उघडताही कळतं तसं. मग भिवा खिळा काढणार, एवढ्यात आवडाईने ती लहान पत्रावळ हातात घेतली आणि पहिल्या पाटापासून सुरुवात केली. माझ्या चेडवाला, माझ्या पोरीला शेजारी थोडी जागा द्या, असं ती प्रत्येकाला विचारत गेली, आणि ज्याला विचारलं तो तिला दिसायला लागला.

मुंजा लाजला. त्याने नुसतं पान ओढून घेतलं. गिऱ्हा मोठ्या मनाचा निघाला. "येवंदे तिका. खोल पाण्यात जागा काय कमी आसा?" असं तो म्हणाला, आणि आवडाई तिथून घाईघाईने पुढे सरकली. समंधाने तर विचारायच्या आधीच सांगितलं, की हंयसर जागा नाय, आणि पत्रावळीच्या कडेवर कोपर ठेवलं. जखिणीने पुढे बोट दाखवलं, देवचार म्हणाला वेताळाच्या शब्दाबाहेर मी नाही. चकव्याला विचारलं तर त्याने तिला चांगली वाट सांगितली. त्या वाटेने आवडाई ओळीला वळसा घालून पुन्हा त्याच्याच पुढ्यात आली. अशा वेळीसुद्धा त्याला गंमत सुचली, याचा बाबल गुरवांना आजही राग येतो.

राहिली हडळ. तिच्यापुढे आवडाई शेवटी गेली, कारण तिची तिला भीती वाटत होती. पण हडळ ओरडली नाही. "माका दी गो तिका," ती म्हणाली. "माझी मांडी रिकामीच आसा."

आवडाईचे हात पुढे झाले होते असे सांगतात. एवढ्या मायेने त्या पोरीला दुसऱ्या कुणी मागितलं नव्हतं. पण तिची नजर पुढ्यातल्या पत्रावळीवर गेली. ती उलटी होती. त्या पानावर जेवली, की केवडूची पावलंही उलटी होणार, आणि ती कधीच पुढे जाणार नाही. आवडाईने हात मागे घेतले. तिला त्या हडळीची फार दया आली. "तुझा मी इसरूचंय नाय," एवढंच ती म्हणाली.

सात पाट संपले. भिवा खिळा घेऊन काजऱ्यापाशी उभा राहिला. त्याने हातोडा उचलला आणि तो वरच राहिला. त्याच्या अंगात वेताळाचा अवसर आला होता. भिवाच्याच तोंडाने, पण भिवाचा नव्हे असा आवाज आला. "हे सात जाण माझे. ह्येंतली तुझा चेडू खयचा?"

"खयचाच न्हय," आवडाई म्हणाली. "भुकेला आसा, बस."

वेताळ म्हणाला, की सड्यावर पान म्हणजे कोणाचा तरी हक्क. नवं पान मांडायचं, तर जिवंत माणसांतलं एक पान कायमचं उचलावं लागेल. कोणाचं उचलू?

आवडाईला विचार करावा लागला नाही. "माझा उचला."

"आणि प्रकार नाय, तर तिका साद कशी घालतलंस?"

इथे बाबल गुरव थांबतात. समोरच्या मंडळींकडे एकेक करून बघतात, कारण सगळी गोष्ट या उत्तरावर उभी आहे. आवडाईने आयुष्यभर पंगतीच्या शेवटी उभं राहून जे ऐकलं होतं, वाढपी जे घाईघाईत, उत्तराची वाट न बघता विचारून पुढे जातात, तेच तिने विचारलं. फक्त ती उत्तरासाठी थांबली.

"कोणाचा पान रवला?"

कोणाचं पान राहिलं, असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर काजऱ्याच्या मुळाशी वाळलेलं पान करकरलं, कुणी मांडी घालून बसावं तसं. आवडाईने डोक्यावरून आणलेला काळा दगड तिथे ठेवला. ओळीतल्या सातांकडे पाठ आणि गावाकडे तोंड, म्हणजे पोरीला आपलं घर दिसेल. दगड डुगडुगत होता. भिवा भानावर आला, त्याने हातातल्या खिळ्याकडे पाहिलं, वाकून तो दगडाच्या बुडाशी पाचरीसारखा सारला. दगड स्थिर झाला. खिळ्याचा असा उपयोग त्याच्या आधी किंवा नंतर कुणा घाड्याने केलेला नाही.

मग आवडाईने पत्रावळ मांडली आणि सातांच्या पानांतलं थोडं थोडं घेऊन वाढलं. मीठ वाढलं, भात वाढला, वर गूळ. आणि पाठ फिरवून बसली, कारण जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सावल्या पायाखालून बाहेर आल्या, पाखरं बोलायला लागली. ती वळली तेव्हा पत्रावळ पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती आणि मुडपलेली होती, जेवून तृप्त झालेलं माणूस मुडपतं तशी. मुडपलेली कड सुटू नये म्हणून तिला एक काडी लावली होती. खालून वर.

त्यानंतर गावात पान कधी कमी पडलं नाही. आवडाई पुढे चाळीस वर्षं जगली आणि पत्रावळीवर एकदाही जेवली नाही. पंगत उठली, की शेवटी उभ्या उभ्या भाताचा गोळा तळहातावर घेऊन खायची, केवडू खायची तसा. आणि सड्यावर जाई तेव्हा हडळीच्या पानावर न विसरता गुळाचा खडा ठेवी.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या वर्षी अमावास्येला आठव्या पाटावर पान मांडलं, तेव्हा तेही स्वच्छ झालं, फक्त मुडपलेलं नव्हतं आणि काडीही नव्हती. आवडाईने ते पाहिलं आणि तिला कळलं, की केवडू जेवून, तृप्त होऊन पुढे गेली. हे कुणी दुसरंच होतं. तिच्यासारखंच, सातांत न बसणारं. भिवाने विचारलं, कोण असेल? आणि सगळ्या जगाची चौकशी करणारी ती बाई आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, की ते विचारायचं नाही.

आजही कातळोलीत लग्न असो, बारसं असो, देवाचं जेवण असो, सगळी पानं वाढून झाली तरी कुणी घास उचलत नाही. गुरवाच्या घरातलं माणूस पंगतीच्या टोकाशी उभं राहतं आणि तीनदा विचारतं, "कोणाचा पान रवला?" ज्याचं कुणी असं गेलेलं असेल, ज्याच्यासाठी श्राद्धात नाव नाही, नात्यात शब्द नाही, तो बसल्या जागेवरून म्हणतो, "रवला." एक जास्तीचं पान वाढलं जातं आणि सड्यावर नेलं जातं. कुणासाठी, ते विचारत नाहीत. नव्याने गावात आलेल्या सुनेनं म्हटलं तरी विचारत नाहीत. गेल्या वर्षी पाहायला आलेल्या मंडळींना गावाने देवाच्या पंगतीला बसवलं होतं. त्यांच्यातल्या एका बाईने इतक्या हळू "रवला" म्हटलं, की शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यालाही आधी ऐकू गेलं नाही. मग त्याने मान खाली घातली. त्यांचं पान सगळ्यांच्या आधी वर गेलं.

बाबल गुरवांचं लग्न झालेलं नाही, आईवडलांचं श्राद्ध ते नेमाने घालतात. तरी गेली पन्नास वर्षं दर पंगतीला तिसऱ्यांदा विचारून झालं, की पहिला आवाज त्यांचाच येतो. गोष्ट ऐकून झाल्यावर कुणीतरी धीर करून विचारतंच, की बाबल, तुमचं कोण? ते मुळीवरून उठतात, धोतराला लागलेली माती झटकतात. आठव्या पाटावर वाळलेली पानं पडलेली असतात, ती हाताने बाजूला करतात.

"चला, ऊन वाडला," असं म्हणून ते पाखाडी उतरायला लागतात.